नागरी शांतताकार्याचे प्रशिक्षण : पदवी घ्यावी की लहान अभ्यासक्रम करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याने समाजकार्यातील पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे, काही वर्षे एका स्वयंसेवी संस्थेत काम केले आहे आणि संघर्ष-निवारणावरचे दोन ऑनलाइन अभ्यासक्रमही पूर्ण केले आहेत. आता त्यांना संघर्षग्रस्त भागात नागरी शांतताकार्य, म्हणजे सैन्याशिवाय निःशस्त्रपणे शांततेसाठीचे काम, करायचे आहे. त्यासाठी दोन वर्षांची पदवी घ्यावी की काही आठवड्यांचे निवासी प्रशिक्षण पुरेल, आणि त्यानंतर काम मिळेल का, असे त्यांनी विचारले आहे. मी या क्षेत्रात आधी कार्यकर्ता म्हणून आणि पुढे प्रशिक्षक म्हणून बराच काळ घालवला आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

अभ्यासक्रम किती लांबीचा असावा, हा भाग मला दुय्यम वाटतो. नागरी शांतताकार्य या एकाच नावाखाली निदान चार वेगवेगळी कामे चालतात आणि प्रत्येकासाठी लागणारी तयारी वेगळी असते. त्यांतले कोणते काम आपल्याला करायचे आहे, हे प्रश्नात आलेले नाही. ते ठरवले नाही, तर चांगले प्रशिक्षण घेऊनही माणूस भलत्याच ठिकाणी अर्ज करत राहतो. आपले वय, घरच्या जबाबदाऱ्या, भाषा आणि पारपत्र यांवरही बरेच अवलंबून आहे, म्हणून पुढचे सगळे आपल्याला जसेच्या तसे लागू पडेल असे मी म्हणणार नाही.

पहिले काम संरक्षक सोबतीचे. ज्यांच्या जिवाला धोका आहे असे वकील, कामगार-नेते किंवा विस्थापितांचे प्रतिनिधी यांच्याबरोबर निःशस्त्र माणसांनी राहायचे, प्रवास करायचा, त्यांच्या कार्यालयात बसायचे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनलने ही पद्धत ग्वाटेमालात आणि नंतर कोलंबियात रुजवली. २००२ मध्ये दिल्लीजवळ झालेल्या परिषदेतून उभ्या राहिलेल्या नॉनव्हायोलंट पीसफोर्सने २००३ पासून श्रीलंकेत, पुढे फिलिपिन्समधील मिंदानाओत आणि दक्षिण सुदानमध्ये ती मोठ्या प्रमाणावर वापरली. या कामामागे गांधीजींच्या शांतिसेनेच्या कल्पनेचा आणि १९५७ मध्ये विनोबांनी ती प्रत्यक्षात आणण्याचा केलेल्या प्रयत्नाचा वारसा आहे. पीस ब्रिगेड्सच्या स्थापनेत शांतिसेनेचे नारायण देसाई सहभागी होते. ही पद्धत ज्या कारणाने चालते ते साधे आहे. आपले कृत्य कोणीतरी पाहणार आहे आणि त्याची बातमी राजदूतावासांपर्यंत, मंत्रालयांपर्यंत जाणार आहे, हे हल्ला करू इच्छिणाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे हल्ला त्याला महाग पडतो. ज्या गटाला अशा बदनामीची पर्वाच नाही, त्याच्यापुढे ही पद्धत दुबळी ठरते, आणि म्हणून सोबतीला निघण्याआधी हल्लेखोर कोण आहे आणि तो कोणाचे ऐकतो, याचा अभ्यास करावा लागतो.

दुसरे काम संवाद घडवून आणण्याचे आणि मध्यस्थीचे आहे. तिसरे स्थानिक संस्थांमध्ये काही वर्षे राहून त्यांच्या शांतताकार्यक्रमांना हातभार लावण्याचे. जर्मनीची १९९९ मध्ये सरकारी निधीतून सुरू झालेली नागरी शांतता सेवा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. चौथे काम अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या लोकांना अहिंसक लढ्यासाठी तयार करण्याचे. हे चौथे काम अनेकजण शांतताकार्यात धरतच नाहीत. माझ्या मते ते धरले पाहिजे; त्याचे कारण पुढे येईल.

आता प्रशिक्षणात काय घडते ते पाहू. चांगल्या प्रशिक्षणाचा पहिला आणि सर्वांत मोठा भाग स्वतःच्या प्रतिक्रियांवर असतो, आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांत नेमका हाच भाग सुटतो. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे १९५९ च्या उत्तरार्धात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे जेम्स लॉसन यांनी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या, त्या या दृष्टीने आजही अभ्यासण्यासारख्या आहेत. (लॉसन यांनी त्याआधी काही वर्षे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात काम केले होते आणि गांधीविचाराचा अभ्यास केला होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.) त्या कार्यशाळांत काही विद्यार्थी खुर्च्यांवर बसत आणि बाकीचे त्यांना शिव्या देत, ढकलत, खुर्चीवरून खाली ओढत. फेब्रुवारी १९६० मध्ये कृष्णवर्णीयांना बसू न देणाऱ्या उपाहारगृहांच्या काउंटरवर प्रत्यक्ष ठिय्या आंदोलन सुरू झाले, तेव्हा सहभागींच्या हाती नियमांची यादी होती. शिवीला शिवी द्यायची नाही, उलटा हात उचलायचा नाही, हसायचे नाही, म्होरक्याने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही, प्रवेशद्वार अडवायचे नाही, ताठ बसायचे आणि तोंड काउंटरकडे ठेवायचे. या यादीत तत्त्वज्ञान जवळपास नाहीच; शरीराने काय करायचे एवढेच तिने सांगितले आहे, कारण भीती आणि संताप आधी शरीरात उतरतात आणि तिथे आधीच सवय लागलेली नसेल तर वाचलेले काही आठवत नाही.

आम्ही घेत असलेला एक सराव सांगतो, म्हणजे कल्पना येईल. खोलीत एक दोरी आडवी धरून तपासणी-नाका तयार करतात. चार खुर्च्या म्हणजे गाडी. तिघे बाहेरून आलेले कार्यकर्ते आणि चौथी व्यक्ती त्यांची स्थानिक सहकारी. नाक्यावरच्या तरुण, थकलेल्या, वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहणाऱ्या शिपायाची भूमिका अनुभवी प्रशिक्षक करतो, आणि त्या स्थानिक सहकाऱ्याला खाली उतरवायचे एवढेच त्याला सांगितलेले असते. बाकीचे प्रशिक्षणार्थी निरीक्षक असतात आणि त्यांनी फक्त दिसले ते लिहायचे असते : आधी कोण बोलले, हात कुठे होते, खिशात हात कोणी घातला, आवाज कोणत्या वाक्यावर चढला. बहुतेक वेळा गटातला सर्वांत शिकलेला माणूस परवानगीपत्र पुढे करून नियम सांगू लागतो आणि शिपायाचा आवाज चढतो. दुसरा कोणीतरी फोन बाहेर काढतो, तो धमकीसारखा दिसतो. आणि जिच्यासाठी हे सगळे चालले आहे त्या सहकाऱ्याकडे या गोंधळात कोणी पाहतही नाही. आपण उतरावे की नाही याविषयी तिचे मत कोणी विचारत नाही.

सराव दहा मिनिटांत संपतो, त्यावरची चर्चा तासभर चालते. बोलणारा एकच कोण असेल हे निघण्याआधी ठरवले होते का, काच खाली करून आणि काळा चष्मा काढून हात दिसतील असे ठेवले होते का, हे मुद्दे सोपे आहेत आणि ते लवकर उरकतात. चर्चा अडते ती शिपायाच्या भूमिकेवर. त्या माणसाला मागे हटायचे असले तरी सहकाऱ्यांसमोर मान खाली न घालता हटता येईल अशी वाट आपण त्याला ठेवली होती का? पुढच्या फेरीत भूमिका बदलतात. आधी नियम सांगणाऱ्याला आता शिपाई व्हावे लागते, आणि त्याला कळायचे ते बहुधा तिथे कळते. म्हणून कोणतेही प्रशिक्षण निवडताना आयोजकांना मी एकच गोष्ट आवर्जून विचारायला सांगतो : सराव किती आणि सरावानंतरची चर्चा किती? चर्चेला वेळ नसेल तर तो सराव करमणुकीचा कार्यक्रम होतो.

दुसरा भाग विश्लेषणाचा. शांतता-संशोधक योहान गाल्टुंग यांनी प्रत्यक्ष हिंसा आणि व्यवस्थेत मुरलेली संरचनात्मक हिंसा यांत १९६९ मध्ये जो भेद मांडला, तो आपण ऑनलाइन वाचला असेलच. भूमिका (पक्ष काय मागतो) आणि त्यामागचे हितसंबंध (तो ते का मागतो) वेगळे काढण्याची पद्धतही वाचली असेल. निवासी प्रशिक्षणात या गोष्टी हाताने कराव्या लागतात. संघर्षाचा नकाशा काढताना प्रत्येक पक्षासाठी एक वर्तुळ असते, त्याच्या आकारावरून त्याची ताकद दिसते. सरळ रेष म्हणजे संबंध, नागमोडी रेष म्हणजे वैर, बाण म्हणजे प्रभावाची दिशा. एकाच संघर्षातल्या दोन बाजूंच्या माणसांना वेगवेगळे बसवून हा नकाशा काढायला लावला, की एकीकडे ठळक असलेले वर्तुळ दुसरीकडे सापडतच नाही. शेवटी आणखी एक सूचना असते : आता या नकाशात स्वतःचे आणि स्वतःच्या संस्थेचे वर्तुळ काढा. इथे खोलीत शांतता पसरते, कारण आपण नकाशाबाहेर उभे आहोत असे सगळ्यांनीच धरलेले असते.

बाहेरून आलेली संस्था कागदावर तटस्थ असली तरी ती पैसा, नोकऱ्या आणि प्रतिष्ठा घेऊन येते, आणि त्या कोणाच्या तरी पदरात पडतात. मेरी अँडरसन यांनी १९९० च्या दशकात मदतकार्याचा अभ्यास करून लोकांना तोडणारे आणि जोडणारे घटक वेगळे पाहण्याची पद्धत मांडली, ती या कारणाने जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात शिकवली जाते. सिद्धान्त अर्ध्या तासाचा आहे. कस लागतो तो बारीकसारीक निर्णयांत. कार्यालयासाठी घर कोणाचे भाड्याने घेतले, गाडीचा चालक कोणत्या समाजाचा आहे, दुभाषी कोणत्या बाजूच्या शाळेत शिकला, बैठक ज्या दिवशी ठेवली तो दिवस कोणाच्या शोकाचा आहे. नवशिका कार्यकर्ता संवादाच्या पद्धतींवर चार दिवस विचार करतो आणि चालक मात्र ओळखीतून पाच मिनिटांत नेमतो. गावाने त्याच्याविषयी मत बनवलेले असते ते त्या पाच मिनिटांवरून.

मध्यस्थीविषयी थोडे कडू लिहावे लागेल. पाच दिवसांच्या कार्यशाळेने कोणी मध्यस्थ होत नाही. कार्यशाळेत दोन पक्ष टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले असतात आणि सुलभक (चर्चा चालवणारा) नियम सांगतो, तिथून सराव सुरू होतो. प्रत्यक्षात दोघे एका खोलीत येणे हीच कामाची बरीच पुढची पायरी असते. त्याआधी महिनोन् महिने वेगवेगळ्या भेटी होतात, एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत किती पोहोचवायचे याची परवानगी प्रत्येक वेळी नव्याने घ्यावी लागते, नेता राजी झाला तरी त्याच्या मागचे लोक राजी आहेत का याचा अंदाज घ्यावा लागतो. या टप्प्याचे कौशल्य अनुभवी माणसाच्या हाताखाली राहूनच येते. कार्यशाळेचा उपयोग नाही असे नाही; दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला मान्य होईल असे परत सांगणे, तक्रारीतून गरज वेगळी काढणे, स्वतः उत्तर सुचवण्याची घाई आवरणे, हे तिथे शिकता येते आणि त्याचा सराव रोजच्या कामातही करता येतो.

याच संदर्भात प्रशिक्षणाच्या दोन वळणांची माहिती असावी. एका वळणात प्रशिक्षक तयार पद्धत घेऊन येतो आणि ती शिकवतो. दुसऱ्यात लोक आजवर तंटे कसे मिटवत आले, कोणाच्या शब्दाला मान देत आले, यातूनच पद्धत उभी केली जाते. अमेरिकी मध्यस्थ आणि प्रशिक्षक जॉन पॉल लेडरॅक यांनी हा फरक १९९० च्या दशकात स्पष्टपणे मांडला आणि ते स्वतः दुसऱ्या वळणाकडे झुकले. मीही तिकडेच झुकतो, आणि त्याचे कारण केनियातील वजीरसारखी उदाहरणे आहेत. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सोमाली कुळांमध्ये रक्तरंजित संघर्ष चालू असताना डेखा इब्राहिम अब्दी आणि इतर काही स्त्रियांनी सुरुवात बाजारापासून केली : कोणत्याही कुळाच्या बाईला तिथे निर्धास्तपणे खरेदी-विक्री करता आली पाहिजे, आणि ती करता येते की नाही यावर त्यांनी स्वतः लक्ष ठेवले. त्यानंतर त्या वडीलधाऱ्यांकडे आणि तरुणांकडे गेल्या. डेखा यांना २००७ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. बाहेरून आलेल्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या आराखड्यात बाजार हे पहिले पाऊल असते, असे मला वाटत नाही. तरीही तयार पद्धती टाकून द्याव्यात असे मी म्हणत नाही. स्थानिक रूढींमध्ये स्त्रियांना किंवा खालच्या मानलेल्या गटांना बोलण्याची जागाच नसेल, तेव्हा बाहेरचा नियम उपयोगी पडतो.

आता चौथ्या कामाकडे येतो. दोन्ही बाजूंची ताकद फार विषम असते तेव्हा दोघांना समोरासमोर बसवणे म्हणजे दुबळ्याला गप्प बसवण्याची सोय होऊ शकते. जमीन गेलेल्या लोकांना आणि ती घेणाऱ्याला सुसंवादाच्या कार्यशाळेला बोलावले, तर पहिल्याला तिथे काय मिळणार? अशा वेळी आधी दुबळ्या बाजूचे संघटन आणि अहिंसक दबाव, आणि ताकद थोडी बरोबरीला आल्यावर वाटाघाटी, असा क्रम बहुधा योग्य ठरतो. घरगुती हिंसेत किंवा एका बाजूला उघड धमकी मिळालेली असताना मध्यस्थी करू नये, हेही चांगल्या प्रशिक्षणात शिकवले जाते. ज्या अभ्यासक्रमात ‘इथे आपण थांबायचे’ असा एकही धडा नाही, त्याविषयी मला शंका येते.

संस्थांविषयी आता थोडक्यात. ऑस्ट्रियातील श्टाटश्लायनिंग येथे १९८२ मध्ये स्थापन झालेले शांतता-केंद्र १९९० च्या दशकापासून नागरी शांतता-मोहिमांसाठी काही आठवड्यांची प्रशिक्षणे घेत आले आहे. जर्मनीत फोरम झेडएफडी या संस्थेची अकादमी लांब आणि लहान असे दोन्ही प्रकारचे अभ्यासक्रम चालवते. अमेरिकेतील ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठाचे उन्हाळी वर्ग आणि त्यांच्या धर्तीवर फिलिपिन्समध्ये दावाओ येथे २००० पासून भरणारी मिंदानाओ पीसबिल्डिंग इन्स्टिट्यूट, ही काही आठवड्यांत भरपूर देणारी ठिकाणे आहेत. दावाओसारख्या ठिकाणी आशियातील संघर्षांत प्रत्यक्ष काम करणारे सहाध्यायी भेटतात आणि बरेचसे शिक्षण त्यांच्याकडून होते. पदवीच हवी असेल तर ब्रॅडफर्ड आणि उप्साला ही जुनी नावे आहेत. शुल्क आणि शिष्यवृत्तीच्या अटी दरवर्षी बदलतात, त्या थेट संस्थेकडूनच घ्याव्यात.

मग पदवी की लहान प्रशिक्षण? संशोधन, धोरण किंवा संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेतील पदे हे आपले लक्ष्य असेल तर पदवीचा उपयोग होतो, कारण तिथे अर्जाची चाळणीच पदवीवर होते. प्रत्यक्ष गावपातळीवर काम करायचे असेल तर आपल्याकडे एक पदव्युत्तर पदवी आहेच. दुसरीने फार भर पडणार नाही. आपल्या जागी मी असतो तर पुढची दोन-तीन वर्षे अशी काढली असती : सध्याच्या कामातच तंटे हाताळण्याची जबाबदारी मागून घेतली असती, अशा कामात मुरलेल्या एखाद्या व्यक्तीच्या हाताखाली राहिलो असतो, आणि मग हातात प्रत्यक्ष प्रसंग घेऊन दोन ते चार आठवड्यांच्या निवासी प्रशिक्षणाला गेलो असतो. प्रशिक्षण आधी आणि अनुभव नंतर, हा क्रम वाईट नाही; पण अनुभव घेऊन येणारा माणूस त्याच वर्गातून दुप्पट घेऊन जातो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

काम मिळण्याविषयी दोन व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पाठवणाऱ्या संस्थांच्या अटी वेगवेगळ्या असतात. जर्मनीच्या नागरी शांतता सेवेत बाहेरून पाठवायच्या पदांसाठी सर्वसाधारणपणे युरोपीय संघाचे नागरिकत्व आणि व्यावसायिक अनुभव लागतो, मात्र संबंधित देशांतील स्थानिक तज्ज्ञांनाही तिच्या संस्था नेमतात. पीस ब्रिगेड्सकडे स्वयंसेवक म्हणून जायचे तर साधारण एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ द्यावा लागतो, आणि लॅटिन अमेरिकेतील प्रकल्पांसाठी स्पॅनिश चांगली यावी लागते; त्यांचे निवड-प्रशिक्षण हेच निवडीचा भाग असते, म्हणजे तिथे शिकताना आपल्याला पारखलेही जाते. दुसरी गोष्ट भाषेची. आपण कोणत्या प्रदेशात जाऊ इच्छिता हे आज ठरले, तर तिसऱ्या प्रमाणपत्राऐवजी त्या प्रदेशाच्या भाषेत ते पैसे आणि तो वेळ घालावा. दुभाष्याशिवाय चहापाणी करता येणारा उमेदवार निवड समितीला लगेच दिसतो.

सुरक्षिततेचे प्रशिक्षण वेगळे असते. धोकादायक परिस्थितीत वावरण्याचे हे वर्ग बहुधा तीन ते पाच दिवसांचे असतात. प्रथमोपचार, गोळीबारात आडोसा घेणे, सुरुंगांची ओळख, अपहरणाचा सराव असे त्यांचे स्वरूप असते. ते आपल्या खर्चाने आधीच करून ठेवण्याची गरज नाही, कारण जबाबदार संस्था रवाना होण्यापूर्वी स्वतःच ते देते. मुलाखतीत त्याची चौकशी जरूर करावी, आणि त्याबरोबरच विमा, धोका वाढल्यास बाहेर काढण्याची व्यवस्था, ठरावीक काळाने सक्तीची विश्रांती आणि परतल्यावर मानसोपचारतज्ज्ञाशी बोलण्याची सोय आहे का हेही विचारावे. स्थानिक सहकाऱ्यांना यांतले काय मिळते, हाही प्रश्न विचारावा. आपण निघून गेल्यावर ते तिथेच राहणार असतात, आणि संस्था या प्रश्नाचे उत्तर कसे देते त्यावरून तिच्याकडे काम करावे की नाही हे मी ठरवत आलो आहे.

चारपैकी कोणते काम आणि कोणता प्रदेश, एवढे आपण ठरवून कळवले तर त्यासाठी कोणते प्रशिक्षण योग्य ठरेल, यावर मला अधिक नेमके लिहिता येईल.